ओढणीबरोबरचे कार्ड

माझ्या टेबलाच्या खणात एक लहानसे कार्ड आहे. हातकागदाचे, मातकट रंगाचे, एका कोपऱ्यात भोक पाडून सुतळी ओवलेले. त्यावरचा मजकूर मी लिहिलेला आहे. खाली माझे नाव नाही, आणि ते नाही हेच बरे. मजकूर असा : ‘शतकानुशतके न बदललेली कला. निळीने रंगलेले हात ठशामागून ठसा उठवत जातात, आणि कच्छच्या मातीतून एक ओढणी जन्माला येते. हिच्यात घाई नाही. हिच्यात काळ थांबलेला आहे.’

चार वाक्ये आहेत. त्यांतले एकही खरे नव्हते हे मला कळायला दोन वर्षे लागली.

झाले ते असे. माझी एक जुनी मैत्रीण बँकेतली नोकरी सोडून कपड्यांच्या व्यवसायात उतरली. दुकान नाही, एक खोली, दोन शिंपी, एक शिलाईमशीन उधारीवर आणलेले, आणि एक नाव. अशा व्यवसायाला आता ‘लेबल’ म्हणतात. परंपरागत हस्तकलेचे कापड घ्यायचे, त्याला आजच्या बाईला कार्यालयात घालता येईल असा कट द्यायचा, रंग थोडे शांत करायचे, आणि प्रत्येक कपड्याबरोबर त्याची कहाणी द्यायची. कापड ती आणणार होती, कट तिचा होता. कहाणी लिहायला तिला कोणीतरी हवे होते. मी मुद्रितशोधन आणि भाषांतरे करून पोट भरते; शब्दांचा भाव मला ठाऊक आहे. मैत्रिणीकडून पैसे कसे घ्यायचे म्हणून मोबदला तीन ओढण्यांत ठरला.

मी हे काम आनंदाने केले हे कबूल केले पाहिजे. वर्षानुवर्षे दुसऱ्यांची वाक्ये दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःची चार वाक्ये छापून आलेली पाहण्याचे सुख काही वेगळेच असते, मग ती सुतळीला का लटकेनात. शिवाय ‘निळीने रंगलेले हात’ ही प्रतिमा मला घरातूनच मिळाली होती, असे मी समजत होते.

आम्ही मूळचे रंगारी. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आजोबांची छपाई होती. जाजमे, पासोड्या, गाद्यांची कापडे. अंगणात निळीचे पिंप जमिनीत पुरलेले असे. गिरण्यांचे छापील कापड गावच्या बाजारात स्वस्त मिळू लागले आणि आजोबांचे काम वर्षावर्षाने आटत गेले. वडील शिकले, सरकारी नोकरीला लागले, आणि धंदा आजोबांबरोबर संपला. घरात उरले ते सागवानी लाकडाचे अकरा ठसे. त्यातला एक बरीच वर्षे पलंगाच्या आखूड पायाखाली होता. दुसऱ्याने मी लहानपणी चिखलाच्या पोळ्यांवर नक्षी उठवली आहे.

वडिलांनी या धंद्याबद्दल आम्हांला फारसे कधी सांगितले नाही. एकच गोष्ट त्यांनी एकदा, तीही आईला, सांगताना मी ऐकली होती. शाळेत असताना ते हात सतत विजारीच्या खिशात ठेवत. नखांतली नीळ जात नसे. मास्तरांनी फळ्यावर बोलावले की खडू धरलेला हात वर्गाला दिसे, आणि मागून कोणीतरी हळूच ‘रंगाऱ्या’ म्हणे.

ही गोष्ट मला ठाऊक होती, आणि तरी मी कार्डावर ते निळे हात लिहिले. लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही. उलट, वाक्य चांगले उतरले असे वाटले.

आता थोडे या ‘लेबलां’विषयी. त्यांची टिंगल करणे सोपे आहे, आणि मला ती करायची नाही. आपल्याकडे हा विचार काल-परवाचा नाही. १९६०मध्ये जॉन बिसेल या अमेरिकन गृहस्थाने फॅबइंडिया सुरू केली ती हातमागाचे कापड परदेशी पाठवण्यासाठी. देशातल्या गिऱ्हाइकासाठी दुकान पुढे आले. १९७०मध्ये जयपूरला अनोखी सुरू झाली आणि ठशांच्या छपाईला नवे कट, नवे रंग मिळाले. १९८१मध्ये लैला तय्यबजी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी दस्तकार स्थापन केली, आणि कारागीर स्वतःच्या मालाच्या मागे उभा राहून शहरातल्या गिऱ्हाइकाशी बोलू लागला. मग या शतकात लहान लहान स्वतंत्र नावे आली. संजय गर्ग यांनी २००८मध्ये रॉ मँगो सुरू करून चंदेरीला असे रूप दिले, की आईच्या कपाटातली वाटणारी साडी मुलगी हट्टाने मागू लागली. या सगळ्यांनी काम दिले. ते दिले नसते तर कित्येक माग आणि कित्येक ठसे आमच्या अकरा ठशांच्या वाटेने गेले असते. २०१९-२०च्या चौथ्या हातमाग गणनेत देशभरातले हातमाग कामगार सुमारे ३५ लाख भरले आणि विणकर कुटुंबांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश कुटुंबांची महिन्याची मिळकत ५,००० रुपयांच्या आत निघाली. ज्याला हे आकडे ठाऊक आहेत तो कोणत्याही नव्या गिऱ्हाइकाला नावे ठेवताना दहादा विचार करील.

तेव्हा प्रश्न लेबल असावे की नसावे हा नाही. लेबलवर काय लिहावे, हा आहे. आणि तो माझ्यापुरता तरी फार लवकर सुटला असे मी समजून बसले होते.

गेल्या हिवाळ्यात एका भाषांतराच्या निमित्ताने भुजला जाणे झाले. भुजपासून थोड्याच अंतरावर अजरखपूर आहे. हे गाव जुने नाही. छापणारे खत्री पूर्वी धमडक्याला असत. कच्छच्या रावांनी त्यांच्या पूर्वजांना सिंधमधून बोलावून आणले, असे सांगतात. धमडक्याची नदी आटली, आणि २६ जानेवारी २००१च्या भूकंपाने गाव मोडले. भूकंपानंतर विहिरींच्या पाण्यातले लोह वाढले. अजरखच्या छपाईत लोखंड हाच काळा रंग. पाण्यातच लोखंड आले तर लालही मळकट होतो. म्हणून काही कुटुंबांनी पाणी तपासून नवी जागा घेतली आणि गावाला आपल्या कापडाचेच नाव दिले. आज तिथे २०१६मध्ये उघडलेले हस्तकलांचे एक उत्तम संग्रहालयही आहे. मी ते पाहिले आणि मग एका छपाईच्या घरी गेले. माझ्या खांद्यावर मोबदल्यातली ओढणी होती. अजरखच्या गावी अजरख नेसून जावे, अशी माझी हौस.

घरधनी साठीचे असतील. त्यांचे नाव इथे देत नाही. त्यांनी चहा सांगितला, मुलाला छपाईच्या मेजावर उभे केले आणि मला एकेक टप्पा दाखवला. कापड आधी धुऊन, एरंडेल तेल, खार आणि उंटाच्या लेंड्या यांत मुरवून पुन्हा पुन्हा वाळवतात. मग हिरड्याच्या पाण्यात पिवळट करतात. चुना आणि डिंक यांचा लेप ठशाने उठवला की तिथे रंग धरत नाही, तीच पुढे पांढरी रेघ होते. लोखंडाचे भंगार गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस कुजवत ठेवायचे, त्यात चिंचोक्याचे पीठ शिजवून घालायचे, तो काळा. तुरटीचा ठसा उठवला तिथे मंजिष्ठात उकळल्यावर लाल उमटतो. मधल्या वेळी झाकायचे ते झाकून नीळ. प्रत्येक टप्प्यानंतर ऊन, आणि प्रत्येक रंगानंतर पाणी. चौदा-सोळा टप्पे, आणि त्यांतले निम्मे काम सूर्याचे.

“पावसाळ्यात?” मी विचारले.

“पावसाळ्यात पाऊस बघायचा, बेन.”

मग त्यांची नजर माझ्या ओढणीवर गेली. ती बराच वेळ तिथेच होती, सभ्यपणाने ते बोलत नव्हते, हे मला मागाहून उमगले. मीच ओढणी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली आणि मेजावर पसरली.

“ठसा केवढा असतो? आपल्या पंजाएवढा. दर पंजाला एक सांधा हवा. कुठे रेघ रेघेवर चढते, कुठे केसाएवढी फट राहते. कितीही चांगला हात असो. यात सांधा दाखवा.”

मी शोधला. नव्हता.

“आता हा ठिपका पाहा,” पानाच्या टोकाजवळचा एक लाल बिंदू त्यांनी दाखवला. मग हातभर पुढे जाऊन बोट टेकवले. तिथे तोच. आणखी हातभर पुढे, तोच. “जाळीला भोक पडले होते. ही स्क्रीन आहे. रंगही बाटलीतले. वाईट काम नाही. पण हे आमचे नाही.”

मला वाटते माणसाला लाज वाटते तेव्हा तो आधी दुसऱ्या कोणाला फसवले गेलेले दाखवू पाहतो. मी लगेच पर्समधले कार्ड काढले. “पण इथे तर लिहिलेय...” त्यांनी कार्ड हातात घेतले. मराठी त्यांना वाचता येत नव्हते. “काय लिहिले आहे?”

आणि मला माझीच चार वाक्ये त्यांना हिंदीतून सांगावी लागली. भाषांतर हा माझा धंदा आहे. इतके अवघड भाषांतर मी कधी केलेले नाही.

‘शतकानुशतके न बदललेली’ इथे ते हसले, मोकळेपणाने. न बदललेली? त्यांच्या आजोबांचे गिऱ्हाईक मालधारी होते. गुरे राखणारे लोक, खांद्यावर अजरख, कमरेला अजरख, डोक्याला अजरख. त्यांना काय हवे ते आजोबांना ठाऊक असे, कारण ते दारावर येत. मग मालधारी यंत्रावरच्या, न विटणाऱ्या स्वस्त कापडाकडे वळले. छापणाऱ्यांनीही झटपट होणारे रासायनिक रंग धरले. १९७०च्या दशकात मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी जुन्या रंगांकडे परत जायचे ठरवले आणि रज्जाक, इस्माईल, जब्बार या तीन मुलांना ते शिकवले. त्यांपैकी इस्माईल खत्रींना २००३मध्ये इंग्लंडमधल्या डी माँटफर्ट विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेव्हा आज आपण ज्याला ‘परंपरा’ म्हणतो तिच्यात मोडलेला, सोडलेला आणि विचार करून पुन्हा बांधलेला असा एक टप्पा आहे. तिने गिऱ्हाईक बदलले, रंग दोनदा बदलले, पाणी बदलले, गावही बदलले. आणि ही सवय नवी नाही. गुजरातेत छापलेल्या कापडाचे मध्ययुगीन तुकडे इजिप्तमध्ये फुस्तात इथे सापडले आहेत. ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात असे पुष्कळ तुकडे आहेत. समुद्रापलीकडच्या माणसाची आवड ओळखून छापणाऱ्यांना ‘काळ थांबलेला आहे’ म्हणणारी मी कोण?

‘निळे हात’ मी सांगितले तेव्हा मेजावरचा मुलगा खाली पाहून हसला. वडील म्हणाले, “हा घरात कोणाचे लग्न असले की महिनाभर आधीपासून पिंपावर हातमोजे घालतो. फोटोत बरे दिसत नाही म्हणतो.” आणि मुलाने, अगदी नकळत, हात मागे घेतले.

मला त्या क्षणी वडील आठवले. खिशात हात घातलेले, फळ्याकडे जाणारे.

हा मुलगा डिझाइन शिकला होता. कच्छमध्ये ज्युडी फ्रेटर यांनी २००५मध्ये कला रक्षा विद्यालय सुरू केले, पुढे २०१४पासून सोमैया कला विद्या हे काम करू लागली. कारागिराने दुसऱ्याच्या आराखड्याप्रमाणे मजुरी करावी यापेक्षा त्यानेच आराखडा करावा, असा या शिक्षणामागचा विचार. मुलाने मला स्वतःच्या चार ओढण्या दाखवल्या. एकीत अजरखची सारी नक्षी काढून टाकून फक्त किनारीची रेघ ठेवली होती, मधे निळा रिकामा. शहरातल्या कोणत्याही लेबलला हेवा वाटेल इतकी ती आजची होती. मी ती विकत घेतली. किंमत माझ्या मैत्रिणीच्या ओढणीपेक्षा कमी होती, हेही नमूद करते.

पुण्याला परत आल्यावर मी मैत्रिणीला भेटले. तिला फसवेगिरी करायची होती असे मला वाटत नाही. पहिल्या वर्षीचा माल खराच कच्छचा होता. दुसऱ्या वर्षी एका मोठ्या दुकानाने दोनशे ओढण्या मागितल्या, दिवाळीच्या आत. छापणाऱ्यांनी पावसाचे कारण सांगून निम्म्याच देऊ म्हटले. मग एका व्यापाऱ्याने तसाच दिसणारा माल आठ दिवसांत आणून दिला. “ठशाचाच आहे म्हणाला,” ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, “मी फार विचारलेही नाही.” दुकान विक्रीचे पैसे तीन-तीन महिने देत नाही, शिंप्यांचा पगार महिन्याला द्यावा लागतो, हे सगळे तिने सांगितले. ते खरेच होते. शेवटी ती म्हणाली, “कार्ड तर तू लिहिलंस. तू तरी कुठे पाहिलं होतंस?”

याला उत्तर नव्हते. मी न पाहिलेल्या हातांबद्दल लिहिले होते, आणि पाहिलेल्या हातांबद्दल खोटे लिहिले होते. तिचे कापड खोटे निघाले. माझे शब्द तर पहिल्या वर्षीच्या खऱ्या ओढण्यांवरही खोटेच होते.

२०२५च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आपण सगळे संतापलो. मीही संतापले होते. कोल्हापुरीला २०१९मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेले, आणि तिथे कोल्हापूरचे नावही नाही! टीकेनंतर त्यांनी मूळ मान्य केले. तो संताप योग्यच होता. पण माझ्या कार्डावर तरी कोणाचे नाव होते? ‘कच्छची माती’ होती. मातीला मजुरी द्यावी लागत नाही, मातीचा पावसाळाही आड येत नाही. माणसाचे नाव लिहिले असते तर त्याला ओळखावे लागले असते, आणि ओळखले असते तर दोनशे ओढण्या दिवाळीच्या आत मागता आल्या नसत्या. विशेषणांची अशी सोय असते. अजरखलाही २०२४मध्ये मानांकन मिळाले आहे. त्याने नावाला कायद्याचे कुंपण मिळते. कार्ड लिहिणाऱ्याला मात्र कायदा विचारायला येत नाही.

त्यानंतर आम्ही पाच महिने बोललो नाही. मधल्या काळात तिने उरलेल्या ओढण्यांवरची कार्डे काढली आणि ‘छापील सुती ओढणी’ म्हणून पडत्या भावाने विकल्या, हे मला तिच्या शिंप्याकडून कळले. तोटा किती झाला ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. मग एके दिवशी तिचा फोन आला. माल थोडाच आहे, साठ नग, पण ती स्वतः जाऊन घेऊन आली आहे. कार्ड हवे होते. “या वेळी पैसे देणार,” ती म्हणाली.

नवे कार्ड असे आहे : छापणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने. गाव. कापड कुठले. लाल कशाचा, काळा कशाचा, निळा कशाचा. छपाईला लागलेले दिवस. आणि एक सूचना : पहिल्या दोन धुण्यांत थोडी नीळ सुटेल. मैत्रिणीला ते रुक्ष वाटले. “यात तुझं काय आहे?” तिने विचारले. माझे काही नाही, हे तिला पटवायला वेळ लागला. साठांपैकी किती विकल्या गेल्या हे मला ठाऊक आहे, पण त्यावरून काही सिद्ध होईल इतके ते जास्तही नाहीत आणि कमीही नाहीत.

एक सांगायचे राहिले. कच्छहून आणलेली ती रिकाम्या निळ्याची ओढणी मी वडिलांना दाखवली. ते आता चौऱ्याऐंशीचे आहेत, नजर अधू झाली आहे. त्यांनी ती नाकाशी नेली.

“हिरडा,” ते म्हणाले.

मग त्यांनी ठसे आणायला सांगितले. मी अकराही ठसे त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी एकेक हातात घेऊन, अंगठा कोरीव कडांवरून फिरवत ते वेगळे केले : हे रेघेचे, हे भरणीचे, हा लालाचा, हा काळ्याचा. पलंगाच्या पायाखालचा ठसा दबून गुळगुळीत झाला होता, तोही त्यांना कळला. “याचा जोडीदार हरवलाय,” ते म्हणाले. “दोन मिळून एक फूल व्हायचं. तुझे आजोबा आधी हा उठवत, आणि दुसरा मी.”

सत्तर वर्षांत त्यांनी हे आम्हांला सांगितले नव्हते. मी वही आणली आणि ते सांगतील तसे लिहून घेऊ लागले. कोणता ठसा कोणत्या रंगाचा, कोणता आधी, कोणता मागून. मधे एकदा त्यांनी थांबून विचारले, “हे कशाला हवंय तुला? कार्डावर घालणार आहेस?”

नाही म्हटले. मग ते पुढे सांगू लागले.